पाण्यासारखा रंग

रंगपंचमीला अंगणात पोरांचा धिंगाणा चालला होता आणि आमच्या कुत्र्याला, पाखऱ्याला, मी आतल्या खोलीत कडी लावून ठेवलं होतं, कारण त्याचं नाक नुकतंच बरं झालं होतं. शेजारच्या अक्कांची धाकटी, तिसरीतली, रिकामी पिचकारी घेऊन खिडकीशी आली. आत पाखऱ्या चारी पाय पसरून पडलेला. पुढच्या डाव्या पायावर सलाईनसाठी केस भादरले होते, तिथं आता राखाडी लव उगवली होती. पोरगी गजाला गाल लावून बराच वेळ त्या लवेकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, "काकू, पुण्याला ह्याच्या अंगात रंग घातला हुता नव्हं? मग त्यो भाईर कुठनं आला? मुतला तरी साधंच आलं की." मी "तो रंग वेगळा असतो गं" म्हणून तिला वाटेला लावलं. ती पळाली, पण तिचा प्रश्न काही गेला नाही. संध्याकाळी अंगणातल्या फरशीवरचा गुलाबी चिखल खराट्यानं लोटताना तोच डोक्यात होता. घरी परतल्यावर आल्यागेल्या प्रत्येकाला "त्याला डाय दिला आणि सोसला नाही" असं मीच सांगत सुटले होते. डाय म्हटल्यावर लेकरू रंगच समजणार. मी मात्र तो डाय डोळ्यांनी बघितला होता. भल्यामोठ्या सिरिंजमध्ये नितळ पाणी असावं तसा. त्याला कसलाच रंग नव्हता.

पाखऱ्या माझ्या सासऱ्यांचा. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. निपाणीहून मुधोळला जाणाऱ्या रस्त्यानं ते आयुष्यभर तंबाखूच्या आणि बैलांच्या कामाला फिरले, आणि परत येताना दर दहा-बारा वर्षांनी एक पिल्लू कांबळ्यात गुंडाळून आणत. मुधोळ तसं बागलकोट जिल्ह्यात, पण त्या उंच, सडपातळ, पोट खपाटीला गेलेल्या कुत्र्यांचं वेड घटप्रभेच्या काठावरून वर आमच्यापर्यंत येऊन पोचलेलं आहे. आमच्याकडं कुणी मुधोळ म्हणतं, कुणी कारवानी. कानाला-शेपटीला झुलपं असली की पश्मी. 2005 साली पोस्टानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळही होता. ते तिकीट मामांनी शेताच्या उताऱ्याबरोबर, त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं होतं. मामा गेले तेव्हा पाखऱ्या तीन वर्षांचा होता. दोन महिने तो त्यांच्या बाजेखालून उठला नाही. मग एके सकाळी माझ्यामागं गोठ्यात आला, आणि तेव्हापासून तो माझा.

दिवाळीनंतर त्याला शिंका सुरू झाल्या. निपाणीच्या भागात शिंकेचं कुणाला काही वाटत नाही. तंबाखूची रास मळताना हवेत जो खकाणा उठतो त्यानं माणसं, जनावरं, पाहुणे सगळेच शिंकतात. मीही तेच धरून चालले. मग एके दिवशी सोप्यातल्या शहाबादी फरशीवर रक्ताचे थेंब दिसले. डाव्या नाकपुडीतून, एकाच. तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी गोचिडतापाची शंका घेतली, आणि ती रास्त होती. त्या तापात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि नाकातून रक्त येतं, हे आमच्याकडच्या कुत्रेवाल्यांना पाठ आहे. रक्त तपासलं, अठ्ठावीस दिवस डॉक्सीसायक्लिन दिलं. तोंड उघडून गोळी जिभेच्या मुळाशी ठेवायची, वरून पाणी पाजायचं, कारण ती घशात अडकली तर आतून पोळते. प्लेटलेट चांगल्या आल्या. रक्त मात्र थांबेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अक्का, एकाच बाजूनं येतंय म्हणजे आत कायतरी हाय. गाठ असंल, बुरशी असंल, काडीकुसळ असंल. एक्सरेत एकावर एक हाडं दिसत्यात, त्यात मला कळायचं न्हाई. सीटी करून आणा."

म्हणून पुणं. रात्री अडीचला निघालो. यमगर्णीचा पूल, कोगनोळीचा नाका, मग कागल. पाखऱ्या उपाशी होता आणि का उपाशी ठेवलंय ते त्याला कळत नव्हतं. कराडच्या पुढं एका हॉटेलाबाहेर आम्ही चहा प्यायलो, तेव्हा बिस्किटाच्या पुड्याचा आवाज ऐकून तो मागच्या काचेला नाक लावून उभा राहिला. काचेवर लालसर वर्तुळ उमटलं.

दवाखान्यात दोन पानांचा इंग्रजी फॉर्म पुढं आला. भूल, कॉन्ट्रास्ट, धोका, मृत्यू असे शब्द मला वाचता आले आणि अधलंमधलं मी वाचल्यासारखं केलं. सही करताना आजेसासू आठवल्या. आमच्याकडं शेताचा उतारा कन्नडमधून येतो. त्यांना मराठीही वाचता येत नव्हतं, पण मराठी कागद घरात कुणीतरी वाचून दाखवायचं. कन्नड कागद आला की तो घेऊन गावातल्या एका अण्णांकडं जायचं, ते सांगतील तो अर्थ, आणि मग अंगठा. शाईचा निळा अंगठा पदराला पुसत त्या दर वेळी विचारायच्या, "अण्णा, नीट बघितलंस न्हवं?" त्या अण्णांनी कधी फसवलं नाही. तरी त्यांचं ते विचारणं शेवटपर्यंत सुटलं नाही. माझ्यासमोरच्या मुलीनं विचारलं, "आधी कशाची ॲलर्जी?" मी "नाही" म्हणाले. पाखऱ्याच्या वतीनं मी म्हणाले आणि पाखऱ्या माझ्या पायाशी बसून दाराकडं बघत होता.

सीटी करायला कुत्रं पुरतं झोपवावं लागतं. माणसाला 'हलू नका, श्वास रोखा' सांगता येतं, ह्याला कसं सांगणार! पायातल्या सुईतून प्रोपोफॉल गेलं आणि माझ्या हातावरचं त्याचं डोकं एकदम जड झालं. श्वासनळीत नळी, तिच्यातून प्राणवायू आणि भुलेचा वायू, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम, जिभेला चिमटा, मागच्या पायाला रक्तदाबाचा पट्टा. नंतर सगळी माणसं बाहेर आली, कारण आत किरणं असतात. जाड काचेच्या अलीकडं मॉनिटरसमोर एक तरुण डॉक्टर बसल्या होत्या. त्यांचं काम एकच, आकड्यांवरून नजर काढायची नाही. मला दाराशी उभं राहू दिलं, एवढ्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. आधी एकदा साधाच फोटो निघाला. मग ती पाण्यासारखी सिरिंज. फॉर्मातलं कॉन्ट्रास्ट ते हेच, मी ज्याला डाय म्हणत होते ते. आयोहेक्झॉल त्याचं नाव. ते आयोडीनचं औषध, थोडं कोमट करून देतात, म्हणजे दाट राहत नाही. किलोमागं दोन मिली, पाखऱ्या तेवीस किलोचा, म्हणजे सेहेचाळीस मिली. आयोडीनचा अणू जड, तो एक्स-किरणांना अडवतो. म्हणून जिथं रक्त जास्त तिथं पडद्यावर पांढरं उजळतं. गाठीला स्वतःचं रक्त लागतं, त्यामुळं गाठ उजळते. नुसता साठलेला शेंबूड तसाच करडा राहतो. हा फरक बघण्यासाठी एवढा खटाटोप.

फोटो निघाला. काचेपलीकडं पाखऱ्या होता तसाच पडून होता. छाती सावकाश वरखाली होत होती. मला वाटलं, झालं.

तेवढ्यात बसलेल्या डॉक्टर उभ्या राहिल्या.

वरचा दाब मघाशी एकशेपाच होता, तो अठ्ठावन्न दाखवत होता. नाडी चौऱ्याऐंशीवरून दीडशेच्या वर गेली होती. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची रेघ, जी इतका वेळ ठसठशीत चौकोनी उठत होती, ती बुटकी होत चालली होती. त्या काय बघतायत ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर त्यांनी समजावलं तेव्हा कळलं. त्या क्षणी मला फक्त दोन गोष्टी दिसत होत्या, त्यांचे धावणारे पाय आणि अजिबात न हललेला पाखऱ्या. आत गेल्या, भुलेचा वायू कमी केला, सलाईन मोकळं सोडलं. मग एकीनं त्याला अर्धा उताणा केला आणि मांडीच्या आतली उघडी कातडी बघितली. तिथं गांधी उठल्या होत्या. पावल्यांएवढ्या, लालसर, एकमेकींत मिसळत चाललेल्या. कानाच्या आतल्या बाजूलाही. पापण्या जाड झाल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "रिॲक्शन," आणि ॲड्रेनलिन गेलं.

इथं मला मामांचं सांगायला हवं. त्याच्या चार वर्षं आधी बेळगावात त्यांची अँजिओग्राफी झाली होती. त्यातही हाच प्रकार, आयोडीनचं कॉन्ट्रास्ट. बाहेर आल्यावर त्यांनी मला सांगितलं होतं, "पोरी, अंगात कुणीतरी ऊन पाणी सोडल्यागत झालं बघ. तोंडात लोखंडाची चव आली. मला वाटलं चादरीत मुतलो काय मी." असं सगळ्यांनाच होतं, त्यात काळजीचं काही नसतं. पण पाच मिनिटांनी ते मान खाजवायला लागले. "खाजतंय गं, लई खाजतंय," म्हणाले. गळ्यावर गांधी होत्या. नर्सबाई धावल्या, इंजेक्शन दिलं, तासाभरात मामा चहा मागत होते. खाजतंय म्हणून त्यांनी सांगितलं, म्हणून ते इतकं सोपं झालं. तसं सांगितलं नसतं तर पांघरुणाखाली त्या गांधी किती वेळ कुणाला दिसल्या असत्या?

पाखऱ्यालाही खाजलं असेल. जागा असता तर अंग घासत फिरला असता, तोंड चाटलं असतं, ओकला असता, दाराकडं पळाला असता. डॉक्टरांनी मला पुढं सांगितलं की कुत्र्यात अशा रिॲक्शनचा सगळ्यात मोठा मार यकृतावर आणि आतड्यांवर बसतो. रक्त यकृतात तुंबतं, म्हणून दाब कोसळतो, म्हणून जाग्या कुत्र्याला आधी उलटी-जुलाब होतात. भुलेखाली यातलं बाहेर काहीच दिसत नाही. शरीराच्या सगळ्या हाका बंद केलेल्या असतात. त्यासाठीच तर भूल देतात. शिवाय दाब तर भुलेच्या वायूनंही उतरतो, त्यामुळं तो उतरला की पहिला संशय भुलेवर जातो, आणि तसा तो जाणं चुकीचंही नसतं. भूल कमी करून वाट बघत बसलं तर मात्र ती मिनिटं फुकट जातात. केसांच्या आत दडलेली कातडी उघडून बघायचं त्या बाईंना सुचलं. कदाचित सुचलं म्हणणं बरोबर नाही, तसं बघायचं त्या शिकल्या होत्या आणि ऐन वेळी विसरल्या नाहीत.

मामांची एक जुनी कुत्री होती, हरणी. माझ्या लग्नाच्याही आधीची, तिची गोष्ट मी ऐकूनच आहे. तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भुलेला थायोपेंटल दिलं होतं, तेव्हा तेच मिळायचं. दुपारी झोपवलेली हरणी दुसऱ्या दिवशी सूर्य वर येईपर्यंत उठली नाही. ह्या जातीच्या अंगावर चरबी नसते, आणि यकृत ते औषध सावकाश मोडतं, त्यामुळं औषध रक्तात फिरत राहतं. हे शास्त्र मामांना कुणी सांगितलं नव्हतं. घोंगडं पांघरून ते रात्रभर तिच्या नाकासमोर हात धरून बसले होते, श्वास लागतोय का बघत. मुधोळ कुत्र्याला भुलेची भीती असते असं आमच्या भागात जे म्हणतात ते अशा रात्रींतून आलेलं आहे. पुण्यात मी ते डॉक्टरांना आधीच सांगितलं होतं, त्यांनाही माहीत होतं, त्यांनी औषधं त्या बेतानंच निवडली होती. माझी सगळी भीती भुलेसाठी राखलेली होती. त्या पाण्यासारख्या सिरिंजला मी एकही प्रश्न विचारला नाही.

ॲड्रेनलिननंतरची मिनिटं मी मोजली नाहीत. दाब सत्तर, मग अठ्ठ्याऐंशी, मग शंभरच्या पुढं. कुणीतरी मोठ्यानं आकडे म्हणत होतं आणि मी त्यांच्यामागं ओठ हलवत होते, जत्रेत पालखीमागं माणसं पुटपुटतात तशी. नळी काढली तेव्हा पाखऱ्यानं पहिल्यांदा जीभ हलवली. नंतर पातळ, रक्ताळलेली शी झाली, आतड्यानं उशिरा का होईना आपलं म्हणणं मांडलं. रात्रभर ठेवून घेतलं, कारण अशी रिॲक्शन काही तासांनी पुन्हा डोकं वर काढू शकते. मी बाकावर बसून राहिले. माझ्या मनात एकच प्रश्न होता आणि पहाटे मी तो विचारला. मधमाशी चावून त्याचं थोबाड एकदा सुजलं होतं. ते मी "ॲलर्जी?" ला सांगायला हवं होतं का? त्या डॉक्टर चोवीस तास जाग्या होत्या, तरी माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, सांगितलं असतं तर लिहून ठेवलं असतं, पण सीटी केलाच असता. ही नेहमीसारखी ॲलर्जी बहुतेकदा नसते. आधी त्या वस्तूशी ओळख व्हावी लागते, शरीरानं तिच्याविरुद्ध हत्यारं तयार करावी लागतात, तसलं काही यात लागत नाही. हे औषध कातडीतल्या, आतड्यातल्या काही पेशींना थेट फोडतं आणि त्यांच्यातलं हिस्टामिन बाहेर सांडतं. म्हणून पहिल्याच वेळी, काही इतिहास नसतानाही होऊ शकतं. आयोडीनचीही ॲलर्जी नव्हे, ते तर मिठात असतं, गळ्यातल्या थायरॉइडला लागतं. दोष त्या आख्ख्या रेणूचा. आणि बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

मला पटलं. तरी अजून मधूनच रात्री जाग येते आणि मी "नाही" म्हणालेली ऐकू येते. शेवटी अंगठा माझा होता.

फोटोत गाठ नव्हती. डाव्या पोकळीत मागं, एका जागी सूज उजळली होती आणि तिच्या मधोमध बारीक काळी फट होती. कुसळ असावं, असा अंदाज. कुसळ स्वतः फोटोत दिसत नाही, त्याच्याभोवतीचा राग दिसतो. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो, दुर्बिणीनं काढायला. पुन्हा तोच फॉर्म. पण या वेळी मी पेन मागून घेतला आणि समासात मराठीत लिहिलं: याला आयोहेक्झॉल दिल्यावर दाब उतरला होता, अंगावर गांधी आल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीनं वाचलं, काही न बोलता खाली इंग्रजीत लिहिलं आणि लाल पेनानं चौकट केली. निघालेलं कुसळ डबीत घालून दिलं, इंचभरही नाही. आमच्याच बांधावरच्या गवताचं. वाळलं की ते एकाच दिशेनं सरकतं, पुढं जातं, मागं येत नाही. त्याला धोतरातून उपटणाऱ्या माणसाला हे ठाऊक असतं. पाखऱ्या ससा बघून त्याच बांधावरून गवतात तोंड खुपसून पळाला असणार.

परत आल्यावर तालुक्याच्या डॉक्टरांना सगळे कागद दाखवले. त्यांनी फोटो उजेडाला धरून नीट बघितले, मग ड्रॉवरमधून एक जाड कार्ड काढलं. "अक्का, उद्या मी बदलीवर गेलो, नवा डॉक्टर आला, तुम्ही गावाला गेलासा, तर ह्यो सांगणार कसं?" वरची ओळ त्यांनी पुण्याच्या कागदावरून इंग्रजीत उतरवली, खाली कन्नडमध्ये लिहिलं, आणि मधली जागा मला दिली. ते कार्ड आता मामांच्या पिशवीत आहे, उतारा आणि तिकिटाच्या मध्ये.

रंगपंचमीच्या संध्याकाळी फरशी धुऊन झाल्यावर मी अक्कांच्या धाकटीला हाक मारली. तिला म्हटलं, तुझा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर अर्धं होतं. तो रंग नव्हताच, पाण्यासारखं औषध होतं, फक्त यंत्राला दिसणारं. ते लघवीवाटेच गेलं, बरंचसं एका दिवसात. दिसायला साधी होती ती लघवी, पण डॉक्टरांनी मोजली असती तर नेहमीपेक्षा जड भरली असती. "जड म्हणजे?" म्हणाली. मी म्हटलं, साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असतं, तसं. ते तिला पटलेलं दिसलं. मग मी कार्ड काढलं. ती कन्नड शाळेत जाते आणि ती अक्षरं मला अजून लावत लावत वाचावी लागतात. म्हटलं, खालची ओळ वाच बघू, डॉक्टरांनी नीट लिहिलंय का. बोट ठेवून तिनं वाचलं, "ई नायिगे अयोडिन् काँट्रास्ट् कोडबारदु." ह्या कुत्र्याला आयोडीन कॉन्ट्रास्ट द्यायचं नाही. मग ती थांबली. "नायी म्हणजे कंचं बी कुत्रं. पाखऱ्या कुठं लिवलंय?"

लिहिलेलं नव्हतं. मी तिला पेन दिला. 'पाख' पटकन झालं, 'ऱ्या'पाशी ती अडली, कन्नडमध्ये तो आमच्यासारखा लिहिता येत नाही. हवेत दोन-तीनदा गिरवून बघितलं, ओठ चावला, मग आपल्या मनानं काहीतरी जोडाक्षर काढलं. पाखऱ्या उठून आला आणि तिच्या कोपराचा वास घेत उभा राहिला. कार्ड परत देताना बघितलं, तिचे हात अजून पुरते धुतलेले नव्हते. नावाच्या शेजारी, कोपऱ्यात, तिच्या अंगठ्याचा गुलाबी ठसा उमटला होता.